घर नंबर अकरातली जयवंता

मतदारांची यादी लिहायला तलाठीआप्पांनी मला बोलावलं, ही गोष्ट मी गावात निदान पन्नास जणांना सांगितली असेल. आमच्या करंजवाडीत सगळी मिळून माणसंच दीडशे, त्यातली निम्मी पोरं. म्हणजे ऐकण्याजोगं कुणी उरलंच नव्हतं. आई म्हणाली, आता गुरांनाही सांगून ये.

तेव्हा मी सहावीत होते. बाबा भिवपुरीच्या वीजघरात खलाशी, महिन्याला रोख पगार, म्हणून मी शाळेत. शाळेत मुली तीन, आणि तिघींत अक्षर माझं. पंधरा ऑगस्टला मी भाषणही केलं होतं. 'सरकार म्हणजे आता परकं कुणी नाही, सरकार म्हणजे आपणच,' या वाक्याला हेडमास्तरांनी स्वतः टाळी वाजवली होती. त्या दिवसापासून ते वाक्य मी कुठेही बसवायची. विहिरीवर घागर कुणाची आधी भरायची यावरून भांडण लागलं, तरी.

तलाठीआप्पांकडे नऊ गावं होती. हुकूम असा, की एकवीस वर्षं पुऱ्या झालेल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं, बाईमाणसाचंही. पुरुषांची नावं त्यांनी चावडीत बसून घेतली. बायकांपाशी मात्र त्यांचं घोडं अडलं. कुणी दाराआडून 'नामाची आय' म्हणून सांगायची, कुणी नुसतीच हसायची. नवऱ्याचं नाव तर कुणीच घेईना. आणि 'अमक्याची आई' असं लिहिलेलं कचेरीत चालायचं नव्हतं. शेवटी आप्पांनी गुरुजींना सांगितलं, तुमची ती बोलकी आवडी द्या दोन दिवस.

मी बोरू, दौत आणि ते लांब कागद घेऊन घरोघर फिरले. बायकांना आधी संशय. लढाईच्या दिवसांत असंच कुणीतरी घरात येऊन भात किती ते लिहून नेलं होतं, आणि मागून लेव्हीचा भात उचलायला सरकारी गाडी आली होती. सोनुबाईने मला विचारलं, आता काय न्यायला येणार, माणसं? मी ओटीवर उभी राहून तिला भाषणातलं ते वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, सरकार तू आसशील तर मंग लिव बाय, तुला तरी मी लहानपनापास्नं बघत्ये.

वयाची तर गंमतच झाली. जन्मसाल कुणालाच ठाऊक नाही. आप्पांनी सांगून ठेवलं होतं, जी मोठी दिसते आणि वय सांगता येत नाही तिचं पंचवीस टाक. त्या दोन दिवसांत करंजवाडीच्या बायका जवळजवळ सगळ्या पंचवीस वर्षांच्या झाल्या. माझी आईसुद्धा.

असं करत करत मी अकरा नंबरच्या घरी आले.

ते घर मालोजीकाकांचं. घरात त्यांची आई अंबूबाई आणि दोन बायका. गाव त्यांना थोरली आणि धाकली म्हणायचं, मीही थोरलीकाकी आणि धाकलीकाकी म्हणायची. थोरलीकाकी चौदा-पंधरा वर्षांपूर्वी कोंडाण्याहून लग्न होऊन आली. तिला मूल नाही. म्हणून अंबूबाईने दोन वर्षांमागे धाकली आणली. वरातीत पुढे दिवा घेऊन थोरलीच चालत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं.

मी आधी थोरलीला नाव विचारलं. जयवंता. मग धाकलीला विचारलं. तीही म्हणाली, जयवंता.

मला वाटलं चेष्टा करते. तेव्हा अंबूबाईने आतून खुलासा केला. मालोजीकाकांच्या पहिल्या लग्नात भगताच्या अंगात देव आला होता आणि त्याने सांगितलं होतं, या घरचा वंश जयवंताच्या पोटी. म्हणून तर कोंडाण्याच्या मुलीचं माहेरचं नाव बदलून जयवंता ठेवलं. बारा वर्षं काही झालं नाही. मग दुसरी आणली तेव्हा तिचंही नाव जयवंताच ठेवलं, देवाचा शब्द वाया जाऊ नये म्हणून.

"देव खोटं बोलत नाय," अंबूबाई म्हणाली. "मानसानं त्याला जागा करून द्यावी लागती."

गुरुजींनी त्याच आठवड्यात आम्हांला शिकवलं होतं, की कोष्टकात वरचंच पुन्हा लिहायचं असेल तर 'सदर' लिहावं. शाई वाचते आणि लिहिणारा शहाणा दिसतो. मी थोरलीची ओळ लिहिली: जयवंता, नवरा मालोजी, घर अकरा, वय पंचवीस. तिच्याखाली धाकलीची ओळ लिहिली: सदर, सदर, सदर, सदर. चारही सदर एकसारखे, मोजून ठेवल्यासारखे. कागद लांब धरून मी ते दोनदा बघितले.

मी बाहेर पडले तशी थोरलीकाकी शेणाच्या हातांनीच मागून गल्लीत आली. तिने हळूच विचारलं, नाव लागलं का. मी म्हटलं, लागलं. मग तिने विचारलं, म्हणजे मी या घरातली हाय आसं सरकाराला कळलं?

"सरकाराला?" मी म्हटलं. "काकी, पार दिल्लीपर्यंत कळलं. घर नंबर अकरा, जयवंता. आता तुला इथून कोण हलवतंय?"

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझं मीच म्हटलं. तिचा चेहरा असा काही झाला, की मला अजून चार घरांना तसंच सांगावंसं वाटलं.

पुढच्या वर्षी धाकलीला मुलगा झाला. भगताला कोंबडा गेला, गावाला गूळ मिळाला. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम थोरलीकडे आलं आणि ते तिच्याकडेच राहिलं. पण अंबूबाईचं बोलणं बदललं. आधी ती नुसती सुचवायची, भाऊ एवढा कोंडाण्याला हाय, जाऊन ऱ्हा चार महिने. मग सरळच म्हणू लागली, वंश झाला, आता दोन सुनांचं काय काम. भावाच्या घरी त्याचीच सहा माणसं, एका खोलीत. तो तिला ठेवून घेणार नव्हता, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अशा वेळी मालोजीकाका गोठ्यात असायचे. ते बैलाच्या शिंगाला तेल लावत बसायचे.

थोरलीकाकीचं उत्तर एकच असायचं. "माजं नाव सरकारात हाय."

त्यावरून बायका तिची टिंगल करायच्या. विहिरीवर ती आली की कुणीतरी म्हणायचं, सरका गं, सरकारातली आली. पण टिंगल करता करताच त्या जरा बाजूला व्हायच्या, हेही मी पाहिलंय. आणि अंबूबाई खरंच दबकून राहिली. नवीन सरकार काय करेल याचा कुणालाच अंदाज नव्हता. आख्खं वर्ष काकी त्या एका वाक्यावर त्या घरात राहिली, आणि ते वाक्य माझं होतं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

चैत्रात, माणसं भाताच्या रोपांसाठी शेतावर राब भाजत होती त्या दिवसांत, यादी चावडीवर लागली. ती वाचून दाखवायचा मान अर्थात माझा. मी तेव्हा सातवीत गेले होते आणि माझा आवाज चावडीपासून मारुतीच्या देवळापर्यंत जायचा. बायकाही आल्या होत्या, आपलं नाव सरकारी कागदावर ऐकायला. प्रत्येक नावाला हशा. सोनुबाई तर 'हजर' म्हणाली.

घर अकरा. मालोजी. अंबूबाई. जयवंता. घर बारा...

मी थांबले. पान उलटून पाहिलं. परत वरून वाचलं. जयवंता एकच होती.

थोरलीकाकी समोरच उभी होती, ती माझ्याकडे बघत राहिली. अंबूबाईला वाचता येत नव्हतं पण मोजता येत होतं. ती उठली, पदर नीट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सरकारानं बी येकच सून धरली गं बाय. आता तरी पटलं?"

मी तशीच पळत तलाठीआप्पांकडे गेले. त्यांनी दप्तरातून माझे ते लांब कागद काढले. कचेरीतून परत आले होते. माझ्या अक्षरावर, त्या चार सदरांवरून, तांबड्या शाईची एक रेघ गेली होती आणि बाजूला कुणीतरी लिहिलं होतं, 'दुबार'. एकच नाव चुकून दोनदा आलं, असा त्याचा अर्थ. आप्पा रागावले नाहीत, तेच वाईट. ते म्हणाले, पोरी, तू नुसतं थोरली-धाकली लिहिलं असतंस तरी मी विचारलं असतं. हरकत घ्यायला शनिवारपर्यंत मुदत आहे. पाटलाचा दाखला आणा, की त्या घरात जयवंता दोन आहेत.

मला वाटलं, एवढंच ना.

मी थोरलीकाकीला घेऊन गेले तशी आबाजी पाटलांनी मला ओटीवर बसवलं, आणि पाटलीणबाईंनी काकीला चहा दिला. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी दाराकडे बघून विचारलं, बाहेर कुणी नाही ना. धाकलीच्या लग्नात अक्षता टाकायला ते स्वतः पुढे होते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, शेहेचाळीस साली, मुंबई इलाख्यात कायदा झाला होता की पहिली बायको असताना दुसरी करायची नाही. केली तर करणाऱ्याला शिक्षा, आणि ते लग्न लावणाऱ्यालाही. गावाला तो कळला तेव्हा धाकली घरात येऊन नांदायला लागली होती. तेव्हापासून त्या लग्नाविषयी कचेरीच्या माणसासमोर कुणी बोलायचं नाही, असं गावातल्या मोठ्यांनी न बोलताच ठरवलं होतं.

"दोन जयवंता हायत आसं मी लिवून देऊ?" पाटील म्हणाले. "मंग मालोजीला बेड्या घालायला मीच बोलावलं आसं व्हईल. आन् माज्या हाताला काय रेशमी दोरा बांदतील व्हय?"

काकीने चहा पिऊन कप विसळून उपडा ठेवला, आणि आम्ही निघालो.

शनिवारी शाळा बुडवून मी तिला घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेले. दोन कोस चालत. रस्ताभर मी बोलत होते. पाटील घाबरले म्हणून काय झालं, मोठ्या साहेबाला घाबरायचं कारण नाही, तिथे नियमाने चालतं. आणि माझ्या डोक्यात तर एक नवीनच उजेड पडला होता: कायदा झालाय म्हणजे तो काकीच्या बाजूचाच आहे. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. ती अनवाणी, कडेच्या वाळल्या गवतावरून चालत होती, कारण रस्ता तापला होता.

कचेरीत याद्यांचं काम बघणारे कारकून होते. वय झालेले, कानात अत्तराचा फाया. मी त्यांना भाऊसाहेब म्हटलं आणि धडाधडा सगळं सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी आम्हांला माठातलं पाणी द्यायला लावलं आणि यादी काढली.

"नाव आहे की," ते म्हणाले. "घर अकरा, जयवंता, नवरा मालोजी. हिचं नाव काय? जयवंता. नवरा? मालोजी. मग हरकत कशाला?"

मी म्हटलं, घरात जयवंता दोन आहेत, आणि हे एक नाव आता धाकलीचं धरलं गेलंय.

"हे कोण म्हणतं?"

आख्खा गाव म्हणतो, मी सांगितलं.

"गावानं लिहून दिलंय?"

नव्हतं दिलं. मग मी माझा उजेड बाहेर काढला. कायद्याने पहिलीच बायको खरी, हो ना? भाऊसाहेब लगेच हो म्हणाले. कायद्याने जयवंता एकच, आणि ती ही, यात शंका नाही. मला उडी मारावीशी वाटली. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. हे सिद्ध करायचं तर हिने फिर्याद करायची. कोर्टात साक्षीदार आणायचे. लग्न कुणी लावलं, कोण हजर होतं, ते त्यांनी सांगायचं. मग मालोजीला शिक्षा, धाकलीचं लग्न रद्द.

काकीने विचारलं, "आन् पोराचं?"

भाऊसाहेबांनी टेबलावरचा कागद नीट केला. लग्नच नाही तर पोराला बापाचं नाव कसं लागणार, असं काहीसं ते म्हणाले.

"त्याला मी न्हाऊ घालत्ये," काकी म्हणाली.

बाहेर कुणीतरी शिपायाशी वाद घालत होतं. मग तिने पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द जुळवून.

"समजा यादीत माजं नाव लागलं. मंग मला घरातनं काडता येनार नाय ना?"

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "हे कुणी सांगितलं तुला?"

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. माझे कान तापले. मी भिंतीवरचा नकाशा पाहू लागले.

"ही यादी मताची आहे, बाई," ते म्हणाले. "घराची नाही. या कागदानं कुणाला घर मिळत नाही, की कुणाचं जात नाही."

मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, टाळ्या घेतलेलं. पण ते तिथे लागतच नव्हतं.

भाऊसाहेबांनाच मग दया आली असावी. ते म्हणाले, मत तरी जाऊ देऊ नको. बापाच्या नावाने अर्ज कर. त्यांनी कोरा अर्ज माझ्यापुढे सरकवला. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, घर, शेरा. बापाच्या नावाने, माहेरच्या नावाने लिहायचं, म्हणजे दुबार होणार नाही. फक्त लग्न झालेली दिसतेस, आणि त्या घरात राहतेस, तर मालोजीची कोण म्हणून राहतेस ते शेऱ्यात यायला हवं. मालोजीची बायको असं मी लिहू शकत नाही, ते नाव लागलेलं आहे.

मी म्हटलं, काकी, चल. नको हे.

ती खाली बसली होती, ती उठली नाही. मग म्हणाली, "भावसाहेब, तुमचं खरं आसंल. यादी घराची नाय. पन आमच्या घरात यादीच चालती. म्हातारीनं यादी ऐकून मला दार दावलं. तिला यादीतच दावलं पायजे." मग मला म्हणाली, "लिव. हिरू."

"हिरू कोण?"

"मीच. लगनाआदी."

इतकी वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं. मी लिहिलं. हिरू. बापाचं नाव बुधाजी. घर अकरा, करंजवाडी.

"शेरा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"कामाला हाय म्हना," ती म्हणाली. "त्यांच्यात कामाला हाय. ऱ्हानं तिथंच."

मी बोरू खाली ठेवला. मी तिला सांगितलं की हे लिहिलं तर तू त्या घरची कुणीच राहणार नाहीस, तू स्वतःच्या अंगठ्याने तसं सांगशील, उद्या कुणी विचारलं तर हाच कागद पुढे करतील. माझा आवाज चढला असावा, कारण शिपाई आत डोकावला. तिने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, मी लहान असताना नाक पुसायला धरायची तशी.

"आवडे, कोंडाण्याला मला जागा नाय. हितं कामाला तरी जागा हाय. लिव गं माझे बाय. ऊन वाडतंय."

मी लिहिलं: 'सदर घरी मजुरीस असून तेथेच राहते.' भाऊसाहेबांनी तिच्या अंगठ्याला शाई लावली, अंगठा स्वतः धरून दाबला आणि पोच फाडून दिली. वर म्हणाले, छान लिहितेस.

परत येताना मी तिच्या मागून चालत होते. तीच बोलत होती. राब कुणाचा नीट भाजला नाही, कुणाच्या आंब्याला या वर्षी कैऱ्या लागल्या, असलं.

अंबूबाई ओटीवरच बसून होती. मालोजीकाका बैलांशी. तिने पोच माझ्याकडून वाचून घेतली, एकदा, आणि मग पुन्हा एकदा. मी वाचून दाखवली. घर अकरा, हिरू बुधाजी, मजुरी. म्हातारीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. तिला राग नव्हताच कधी. तिला फक्त दोन सुनांचा हिशेब लागत नव्हता, तो सरकारने लावून दिला.

"आसं आसंल तर ऱ्हाऊंदे," ती म्हणाली. "हात लागतातच कामाला. मालू, ऐकलंस का रं?"

मालोजीकाका बैलाच्या पलीकडे होते. बैलाची पाठ थोपटल्याचा आवाज आला.

काकी आत गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. ती माजघरातून आपली वाकळ आणि उशाचं गाठोडं घेऊन बाहेर आली आणि पडवीकडे निघाली, जिथे लावणीच्या दिवसांत मजूर झोपायचे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. धाकली बाळाला कडेवर घेऊन चुलीपासून उठून दारात आली. ओटीवरचं सगळं तिने ऐकलं असणार, कारण तिने हाक मारली ती नवीनच.

"हिरूबाय, याला घ्या जरा. माज्या भाकऱ्या करपत्यात."

काकी वळली. वाकळ एका काखेत दाबून तिने दुसऱ्या हाताने बाळाला घेतलं. ते लगेच तिच्या गळ्याशी चिकटलं.

मी पोच घेऊन तिच्या मागोमाग गेले. ती द्यायची राहिली होती. पण तिचे दोन्ही हात गुंतलेले. कुठे ठेवू, असं मी विचारलं. तिने हनुवटीने पडवीतल्या भिंतीची फट दाखवली, मी कागद घडी करून तिथे खोचला, आणि घरी आले.